ग्लॉसीवरचा काळा

कृष्णधवल फोटो छापायचा म्हटलं की बहुतेकांचा समज असतो, यात काय, काळी शाई तेवढी लागणार. प्रत्यक्षात ग्लॉसी कागदावर जवळजवळ उलटं घडतं. ऑफिसांत आणि घराघरांत जे चार शायांचे टाकीवाले प्रिंटर असतात, त्यांतल्या पुष्कळांत काळी शाई पिगमेंटची असते आणि निळी, गुलाबी, पिवळी या तिन्ही डायच्या. पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे बारीक कण, डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. साध्या कागदावर अक्षरं ठसठशीत यावीत म्हणून ती काळी शाई केलेली असते. ग्लॉसी कागदात ती जिरत नाही, वर बसून राहते आणि बोटाला लागते. म्हणून सेटिंगमध्ये ग्लॉसी फोटो पेपर निवडला की असा प्रिंटर काळ्या बाटलीला हातच लावत नाही. आजोबांचा काळा कोट तो निळा, गुलाबी आणि पिवळा एकावर एक टाकून तयार करतो. मग कोटाला कधी शेवाळी झाक येते, कधी तपकिरी, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "फोटो जुना आहे ना, म्हणून तसा आला असेल."

फोटो जुना आहे म्हणून नाही. काळा आणि करडा हे इंकजेटच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड रंग आहेत.

सहा शायांच्या फोटो प्रिंटरात काळी शाईसुद्धा डायची असते, त्यामुळे ती ग्लॉसीवर चालते. पासपोर्ट फोटो काढून देणाऱ्या दुकानांत हेच प्रिंटर दिसतात. पण तिथेही अडचण उजळ भागात येते. या प्रिंटरांचा सगळ्यांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा असतो, म्हणजे हवेतून जाताना जेमतेम १४ मायक्रॉन व्यासाचा, केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. एवढा बारीक असूनही पांढऱ्याशुभ्र धोतराच्या चुणीवर काळे ठिपके विरळ पडले की डोळ्याला ते जाणवतात आणि कापड रवाळ दिसतं. म्हणून यंत्र उजळ करड्यासाठी काळी शाई टाळतं आणि फिकी निळी, फिकी गुलाबी, पिवळी यांचे ठिपके दाटीवाटीने पेरतं. ड्रायव्हरमधल्या, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, 'ग्रेस्केल'वर टिचकी मारली तरी ग्लॉसी कागदावर बहुतेक वेळा हेच चालू राहतं. असा करडा तिघांनी मिळून उचललेला असतो. पालखी खांद्यावर घेतलेल्यांपैकी एकाचं पाऊल जरा मागेपुढे पडलं की ती कलते, तसाच तो कलतो. एखादं नोझल तुंबलं, कागद बदलला, शाईची बाटली दुसऱ्या कंपनीची निघाली, की धोतर गुलाबी आणि भिंत हिरवट.

त्यावर आणखी एक गंमत आहे, आणि ती समजल्यावर मी फोटो बघण्याची पद्धतच बदलली. तिन्ही शायांचा तोल ट्यूबलाइटखाली अगदी बरोबर जमलेला असतो. करडा म्हणजे करडाच दिसतो. तोच कागद देवघरातल्या पिवळ्या बल्बखाली नेला तर त्याला लाली चढते, आणि सकाळच्या उजेडात खिडकीशी धरला तर हिरवट छटा उमटते. शाईत काहीच बदललेलं नसतं. प्रत्येक दिव्याच्या उजेडात वेगवेगळ्या रंगलहरींचं प्रमाण वेगळं असतं, आणि शाया त्यांतल्या कोणत्या शोषायच्या आणि कोणत्या परत पाठवायच्या हे आपापल्या स्वभावानुसार ठरवतात. याला मेटामेरिझम म्हणतात. रंगीत फोटोत एवढासा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, साडी जराशी जास्त लाल दिसली तर बिघडलं काय? कृष्णधवल फोटोत मात्र रंगाला लपायला जागाच नसते. म्हणून मी प्रत्येक प्रिंट तीन ठिकाणी बघते: खिडकीत, स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या एलईडीखाली आणि देवघरात. तिन्हीकडे तो सारखा दिसणार नाहीच. पण कुठे नेल्यावर नजरेला खटकतो ते कळतं.

तोल साधायचा तर पट्ट्या छापाव्या लागतात, दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची करडी पट्टी घ्यायची, एका कागदावर ती अनेकदा छापायची, प्रत्येक वेळी रंगांच्या सेटिंगमध्ये एकेक काटा हलवायचा: गुलाबी दोनने कमी, पिवळा एकने जास्त, असं. कागद रात्रभर वाळू द्यायचा. डायची शाई ओली असताना एक बोलते आणि वाळल्यावर दुसरं, त्यामुळे प्रिंटरमधून निघाल्या निघाल्या दिलेला निकाल खरा धरू नये. सकाळी खिडकीत बसून पट्ट्या शेजारी शेजारी लावायच्या आणि डोळ्याला कोणती पट्टी बिनरंगी वाटते ते बघायचं. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र, असेल तर हेच काम तो आकड्यांत करून देतो आणि त्यावरून कागदाचं प्रोफाइल तयार होतं. पण आकडे मिळाल्यावरही मी पट्ट्या छापते. माझ्या घरातला उजेड त्या यंत्राने पाहिलेला नसतो.

आता प्रश्न असा की एवढी यातायात ग्लॉसीसाठीच का. छायाचित्रणातल्या जाणत्या मंडळींमध्ये ग्लॉसीला फारशी प्रतिष्ठा नाही. प्रदर्शनाला लावायचं तर कापसाचा मॅट कागद, जाडजूड, हाताला खरखरीत लागणारा. ग्लॉसी म्हणजे पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम. हा भेद मला पटत नाही. धुक्यातला डोंगर, पावसाळी दुपार, म्हाताऱ्या माणसाचे हात, असले विषय मॅटवर सुरेख उतरतात, मीही छापते. पण ज्या फोटोत काळ्याला खोली हवी आहे, अंधारात काहीतरी आहे आणि ते दिसायला हवं आहे, तो फोटो मॅटवर अर्धा मुका होतो.

याचं कारण साधं आणि मोजता येण्यासारखं आहे. कागदावरचा काळा किती काळा हे घनतेत मोजतात. चांगल्या ग्लॉसीवर फोटो ब्लॅक, म्हणजे ग्लॉसीसाठीच्या काळ्या शाईची घनता २.३ च्या आसपास जाते, मॅटवर मॅट ब्लॅक शाई १.६ ते १.७ ला थांबते. आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण हे मोजमाप लॉगरिदमचं आहे. २.३ म्हणजे पडलेल्या उजेडापैकी अर्धा टक्का परत येतो, १.६ म्हणजे अडीच टक्के. पाचपट! मॅट कागदाचा खरखरीत पृष्ठभाग उजेड सगळ्या दिशांना उधळतो, आणि त्यातला थोडा कुठूनही पाहिलं तरी डोळ्यात येतोच. काळ्यावर एक पांढुरका पदर कायमचा राहतो. ग्लॉसीचा पृष्ठभाग उजेड एकाच दिशेला परतवतो. ती चमक डोळ्यावर आली तर काहीच दिसत नाही, पण कागद जरासा कलता केला की ती निघून जाते आणि समोर फक्त शाई उरते. मग कोटाच्या काळ्यात कोटाची शिवण दिसते.

जुने ब्रोमाइड प्रिंट, म्हणजे डार्करूममध्ये धुऊन काढलेले कृष्णधवल फोटो, ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. आमच्या लहानपणी स्टुडिओत फोटो 'ग्लेझ' करून मिळायचे. धुतलेला ओला प्रिंट क्रोमच्या गुळगुळीत पत्र्यावर पालथा घालायचा, वरून रबरी रोलर फिरवून पाणी आणि हवेचे बुडबुडे काढायचे, मग तो पत्रा ग्लेझिंग मशीनवर कापडाखाली ताणून तापवायचा. वाळता वाळता कागद कडेने बारीक कडकड आवाज करत आपोआप सुटायचा, आणि त्याच्या पृष्ठभागावर तोंड दिसेल इतकी चमक आलेली असायची. जिलेटिनचा थर त्या पत्र्याचा गुळगुळीतपणा उचलून घ्यायचा. घाई करून मध्येच ओढला की शिंपल्याच्या आकाराचे वळ पडायचे, आणि फोटो पुन्हा पाण्यात. तेव्हा कागद पुष्कळदा 'इंदू'चा असे. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. फिल्म, एक्स-रे, फोटोचा कागद, सगळं तिथून यायचं. आता ती बंद पडली. महाराष्ट्रातल्या किती घरांच्या भिंतींवर तिचा कागद लावलेला आहे आणि त्यांना ते ठाऊकही नाही. माझ्या डोळ्याला काळ्याची जी सवय लागली ती त्या कागदाने लावली. इंकजेटवर मी शोधते तो काळा तोच.

प्रिंटर बनवणाऱ्यांनाही हे उमगायला वेळ लागला. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जॉन कोन यांनी २००० च्या सुमारास पिझोग्राफी नावाची पद्धत आणली, तिच्यात रंगांच्या शाया काढून टाकून त्यांच्या जागी काळ्याच्याच फिक्या-गडद छटा भरत. एचपीने २००३ मध्ये फोटोस्मार्ट ७९६० साठी करड्या शायांचं वेगळं कार्ट्रिज दिलं. एप्सनने २००५ मध्ये अल्ट्राक्रोम के३ शाया आणल्या, त्यांत काळ्याच्या तीन पायऱ्या होत्या: काळी, फिकी काळी आणि त्याहून फिकी. जोडीला ड्रायव्हरमध्ये कृष्णधवलसाठी वेगळी सोय, तटस्थ, थंड, उबदार किंवा सेपिया असा टोन निवडण्याची. कॅननच्या २०११ च्या प्रो-१ मध्ये बारा शाया, त्यांतल्या पाच काळ्या-करड्या. ही सगळी महागडी, व्यावसायिकांची यंत्रं. आमच्या आवाक्यातल्या टाकीवाल्या प्रिंटरांतही आता करड्या शाईची बाटली मिळू लागली आहे, आणि माझ्या मते घरी फोटो छापणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांतली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच. करड्याचा भार करड्या शाईने उचलला की रंगांना नुसता टेकू द्यावा लागतो. धोतर गुलाबी होत नाही.

व्यावसायिक यंत्रांतल्या पिगमेंटच्या शाया ग्लॉसीवर धरतील अशाच केलेल्या असतात, तरी पिगमेंटचं ग्लॉसीवर एक दुखणं आहेच. कण कागदाच्या वर बसतात, त्यामुळे तिरपं पाहिलं की गडद भागावर तांब्याची झळाळी येते, आणि जिथे शाईच पडलेली नाही तिथला कोरा कागद वेगळाच चमकतो. काही प्रिंटरांत यासाठी रंगहीन शाईची नळी असते, ती मोकळ्या जागांवर फवारली जाते. ती नसेल तर अगदी शुद्ध पांढरा टाळावा, फाइलमध्ये पूर्ण पांढऱ्याचा आकडा २५५ असतो, त्याऐवजी २५० वर थांबावं, म्हणजे आकाशातसुद्धा शाईचा पुसट थर पडतो आणि चमक एकसारखी राहते. डाय कागदाच्या आत जिरते, तिथे हा त्रास फारसा नाही.

कागदाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाजारात 'ग्लॉसी' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत बोरा बाजारात पाकिटं चाळायला घेतली की एकशेऐंशी, दोनशे तीस, दोनशे सत्तर असे जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम याचे आकडे दिसतात, आणि वाटतं जितका जाड तितका चांगला. जाडीने काही ठरत नाही. एक कागद साधाच असतो, त्याच्या एका बाजूला चकचकीत थर दिलेला. दुसरा आरसी, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आणि त्यावर शाई पिणारा थर. कोपरा फाडून बघावा. पहिला सरळ कागदाच्या तंतूंसकट फाटतो, दुसऱ्याचा पापुद्रा ताणला जाऊन मग तुटतो. पहिल्यावर डायची शाई लगेच वाळते, पण शाईचं पाणी पिऊन कागद लाटेसारखा उचलतो आणि काळा उथळ येतो. पिगमेंट त्यावर नीट धरतही नाही. कृष्णधवलसाठी मी आरसीच घेते. पावसाळ्यात पाकीट झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेल, आणि लागेल तेवढेच कागद बाहेर. दमट हवेत कागदाच्या कडा वळतात, प्रिंटरच्या डोक्याला घासतात, आणि काळ्या भागावर दातेरी चाकांच्या ठिपक्यांची रांग उमटते. रंगीत फोटोत ती लपेल. काळ्या कोटावर लपत नाही.

हे सगळं ज्या एका फोटोसाठी मनापासून केलं त्याबद्दल आता लिहिते.

माझी आत्या चिपळूणला असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा तिचं तळमजल्याचं घर पाण्यात गेलं. माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप होती, अल्बम खालच्या कपाटात. पाणी ओसरल्यावर फोन लागला तेव्हा ती आधी धान्याबद्दल बोलली, मग गादीबद्दल, आणि शेवटी म्हणाली, "फोटो सगळे चिकटलेत गं. उन्हात टाकू?" ओले फोटो एकमेकांवर वाळले की जिलेटिन गोंदाचं काम करतं आणि मग ते सुटत नाहीत. मी तिला सांगितलं, वाळू देऊ नकोस, स्वच्छ गार पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेव आणि पाण्यातच एकेक सोडव, मग पांढऱ्या कापडावर तोंड वर करून सावलीत ठेव. स्वच्छ पाणी तेव्हा गावात मिळणं मुश्कील होतं. आतेभावाने कुठून कुठून बादल्या आणल्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ब्रोमाइड प्रिंट चिखल धुतल्यावर जवळपास जसेच्या तसे निघाले. मधल्या काळात स्वस्त ग्लॉसीवर छापून घेतलेले लग्नाचे इंकजेट फोटो पाण्यात रंग सोडून बसले होते, नवरीच्या शालूचा नुसता जांभळा ओघळ राहिला होता.

आणि एक मोठा ग्रुप फोटो. तो अल्बममध्ये नव्हता, भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये होता. फ्रेममध्ये पाणी शिरलं, उतरलं, आणि फोटो काचेला आतून चिकटून वाळला. तो ओढून काढायचा नाही हे मी निक्षून सांगितलं, कारण ओढला तर चेहरे काचेवर राहतात आणि कागद हातात येतो. पुण्याला आणून मी त्याचा काचेतूनच फोटो घेतला: दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर दिवे, कॅमेऱ्याभोवती काळं कापड, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडू नये. जिथे फोटो काचेला पक्का चिकटला होता तिथे तो ओला असल्यागत गडद दिसत होता, जिथे सुटा होता तिथे फिका. ते डाग समपातळीला आणण्यात बरेच दिवस गेले. भाच्याने मध्ये मोबाइलच्या अॅपमधून तोच फोटो 'साफ' करून पाठवला. आजोबांचे डोळे टपोरे आणि तरतरीत झाले होते, ते डोळे आमच्या घराण्यात कोणाचेच नाहीत. मला ते बघवलं नाही. डाग काढावेत, ओरखडे बुजवावेत, पण माणसाचा चेहरा अंदाजाने भरू नये. आजीच्या पदराशी एक चिरा आहे, तो मी तसाच ठेवला.

फोटो घराच्या पडवीत काढलेला. आजोबा खुर्चीवर, काळा कोट, पांढरं धोतर, काळी टोपी. शेजारी आजी नऊवारीत, कपाळावरचं कुंकू काळंभोर. पुढे जमिनीवर मुलं, आणि कडेला सात-आठ वर्षांची आत्या, गडद फ्रॉकमध्ये, केसांना रिबिनी. पहिली प्रत मी मॅटवर काढली होती, डाग गेले का ते तपासायला. आत्या तेव्हा डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्यात आली होती. तिने ती हातात घेतली, सगळ्यांची नावं घेतली, मग स्वतःपाशी येऊन थांबली.

"माझ्या फ्रॉकवर फुलं होती. बारीक. ती गेली का?"

"कसला रंग होता गं?"

"लाल. गुलबक्षीकडे झुकणारा. आणि फुलं त्याहून थोडी फिकी."

मूळ फाइल मी स्क्रीनवर मोठी करून पाहिली. फुलं होती. त्या काळी पुष्कळ स्टुडिओवाले ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरत. तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता येई. लाल फ्रॉक काळा, कुंकू काळं, आणि लालावरची फिकी लाल फुलं काळ्यावर काळी. पण अगदी एकच काळं नाही. दोन्हींत घनतेचा एक पुसटसा फरक होता, आणि मूळ ब्रोमाइडच्या ग्लेझ केलेल्या पृष्ठभागाने तो इतकी वर्षं सांभाळला होता. मॅटवर तो त्या पांढुरक्या पदराखाली दबला.

मग ग्लॉसीवर काम सुरू केलं. संपूर्ण फोटो उजळ करणं सोपं होतं, पण त्यात कोट करडा पडतो, टोपी धुरकट होते आणि आजोबांचा रुबाब जातो. सॉफ्टवेअरमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा हलवणारी रेघ असते, तिला कर्व्ह म्हणतात; त्या कर्व्हचा फक्त तळाचा तुकडा घेतला, सगळ्यांत गडद तीन-चार पायऱ्यांमधलं अंतर थोडं वाढवलं, आणि टोपीचा काळा होता तिथेच धरून ठेवला. वरच्या टोकाला धोतराच्या चुण्या पांढऱ्यात विरघळू नयेत म्हणून पांढरा अगदी किंचित खाली ओढला. फ्रॉक आणि कोटाची बाही येईल एवढ्याच भागाच्या पट्ट्या छापल्या. एका पट्टीत फुलं इतकी स्पष्ट आली की ती नुकतीच कोणी काढल्यागत वाटली, ती बाजूला ठेवली. दुसरीत नजर टाकल्याबरोबर फ्रॉक काळाच दिसायचा आणि कागद हातात थोडा कलता केला की फुलं वर यायची. ती घेतली. करड्या शाईमुळे आजीच्या गालावरच्या उजळ छटेत एकही ठिपका दिसत नव्हता.

पूर्ण प्रिंट वाळल्यावर आत्याने तो खिडकीशी नेला. चष्मा काढला, कागद नाकाशी धरला. "ही बघ. ही, आणि ही. पाच पाकळ्यांची होती." आणि मग त्या फ्रॉकचं कापड कोणी आणलं, कोणी शिवलं, दिवाळीला की मुंजीला, हे सगळं तिला आठवायला लागलं.

फ्रेम करताना मात्र वाद झाला. फ्रेमवाले सवयीने फोटोवर थेट काच टेकवतात आणि मागून खिळे मारतात. कोकणातल्या दमट हवेत ग्लॉसी प्रिंट काचेला चिकटायला एक पावसाळा पुरे, आणि मूळ फोटोचं काय झालं ते समोरच होतं. मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून काच दूर ठेवा, असं सांगितलं तर "त्याने फोटो लहान दिसतो" हे उत्तर. लहान दिसला तरी चालेल, म्हटलं. दुसरी गोष्ट, छापल्याबरोबर फ्रेम करायची नाही. शाईत ग्लायकॉलसारखी सावकाश उडणारी द्रव्यं असतात. आरसी कागदावर ती वरूनच बाहेर पडतात, आणि प्रिंट लगेच काचेआड बंद केला तर काचेवर आतून धुरकट थर धरतो. प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवायचा, तो ओलावा ओढून घेतो, मग कागद बदलायचा, आणि काही दिवस थांबायचं. ग्लॉसी आणि वर काच म्हणजे दुप्पट चमक, तेव्हा दारासमोरची भिंतही टाळली. माजघरातल्या आडव्या भिंतीवर फोटो लावला. तिथे उजेड बाजूने येतो.

टिकण्याबद्दल आत्याने सरळ विचारलं, "हा किती वर्षं राहील?" डायचा शत्रू ऊन आणि हवेतला ओझोन. आरसी कागदाचा शाई पिणारा थर सूक्ष्म छिद्रांचा असल्यामुळे हवा आत शिरते. काचेआड आणि उन्हापासून दूर ठेवला तर पुष्कळ टिकतो, पण तो ब्रोमाइडइतका टिकेल असं मी तिला सांगितलं नाही. म्हणून एक प्रत पिगमेंट शायांवर छापून घेतली. त्यातला काळा कार्बनचा असतो. पोथ्यांच्या शाईत घालत ती काजळीही कार्बनच, आणि त्या पोथ्या अजून वाचता येतात. कार्बन एकटा छापला तर तो किंचित उबदार, तपकिरीकडे झुकलेला दिसतो. तटस्थ करायला यंत्र त्यात थोडे रंग मिसळतं. त्या प्रतीत मी रंग कमीत कमी ठेवले, कारण झिजायचं असेल तर आधी तेच झिजतील. ती प्रत आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कपाटाच्या सगळ्यांत वरच्या कप्प्यात आहे. चिपळूणमध्ये आता कोणीही मौल्यवान वस्तू खालच्या कप्प्यात ठेवत नाही. काचेला चिकटलेला मूळ फोटोही तसाच, काचेसकट, मऊ कापडात गुंडाळून तिथेच ठेवला आहे.

फोटो भिंतीवर लागल्याची बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली आणि प्रती मागणारे फोन सुरू झाले. प्रत्येकाला मी आधी एकच विचारते, कुठल्या खोलीत लावणार आणि तिथे दिवा कोणता आहे. सांगलीच्या काकांकडे सगळीकडे पिवळे दिवे आहेत, त्यांची प्रत थोडी थंड टोनची काढते आहे. नागपूरच्या मावसबहिणीकडे पांढरे एलईडी, तिला तटस्थ. आणि आत्याने प्रत्येकाला स्वतः फोन करून फ्रॉकवरची फुलं कुठे शोधायची ते सांगून ठेवलं आहे.